शुद्धता नव्व्याण्णव टक्के

ब्रिस्बेन, ३ जून

चि. वेन्झूस अ. उ. आ.

आशीर्वाद एवढेच, पुढे नुसती बोलणी आहेत. फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. आईच्या गुडघ्यात तू पेप्टाइडच्या सुया टोचतोस, हे तिच्याच तोंडून कळलं. अरे, ट्रकचं इंजिन खोलताना शंभरदा विचार करतोस, आणि आई म्हटल्यावर एवढी घाई?

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. फार लांब झाली की तिला प्रथिन म्हणतात. इन्शुलिन पेप्टाइडच, आणि समुद्री गोगलगाईच्या विषातही पेप्टाइडंच असतात. तेव्हा नुसत्या नावाला भुलू नकोस. बाटलीवर '९९ टक्के शुद्ध' लिहिलंय ना? म्हणजे आतल्या भुकटीत इतर रसायनं फारशी नाहीत. जंतू नाहीत असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. त्याची तपासणी वेगळी असते. आणि 'फक्त संशोधनासाठी' म्हणजे माणसाला देऊ नका, बाकी काही नाही.

आजपासून बंद. गुडघा लाल झाला तर थेट इस्पितळात ने.

माया आहे म्हणूनच एवढी चिडलेली,
मार्लीनताई

*

मकाय, ९ जून

ती. ताईस सा. न.

शिकवणी पोचली. ब्रिस्बेनला बसून आईची काळजी करणं सोपं आहे. इथे उसाचा हंगाम, मी दिवसभर ट्रकवर. हाडांच्या डॉक्टरची तारीख पुढच्या वर्षीची. तोवर तिने जिना कसा चढायचा? रविवारी चर्चमध्ये तिने कितीतरी दिवसांनी गुडघे टेकले. तू होतीस बघायला?

मला अडाणी समजतेस, तर ऐक. विकणाऱ्याने वेबसाइटवर पुरावा म्हणून तुझाच संशोधनाचा लेख लावलाय. वर ठळक अक्षरांत डॉ. मार्लीन वेला. आता सख्ख्या बहिणीवरही विश्वास ठेवायचा नाही?

राग उतरला तर लोभ ठेव.
वेन्झू

*

ब्रिस्बेन, १४ जून

चि. वेन्झूस आशीर्वाद.

तो लेख उंदरांवरचा आहे! त्यातला 'लक्षणीय फरक' म्हणजे तो निव्वळ योगायोग नसावा, एवढंच. फरक मोठा पडला असं नव्हे. माणसाबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्या चोरांना माझं नाव काढून टाकायला लिहिलंय. पण तू नाव वाचलंस, पुढचं पान उलटवलं नाहीस? बाटल्या फेकू नकोस, डॉक्टरांना दाखव.

ताई

*

मकाय, इस्पितळातून, २० जून

चि. मार्लीनला आईचे आशीर्वाद.

त्या पोराला शिव्या देणं आधी थांबव. बाटल्या मी मागवल्या, सुई टोचायलाही मीच त्याला भरीला पाडलं. तुझं नाव दिसलं आणि मी पुढचं काही वाचलंच नाही. परवा गुडघा सुजून लालबुंद झाला. तुझं पत्र आठवून वेन्झूने तडक इथे आणलं. पू काढलाय. आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

आता माझा राग ऐक. इतकी वर्षं विचारत आले, पोरी, तू तिथे नेमकं करतेस तरी काय? दरवेळी तू म्हणालीस की जाऊ दे आई, तुला नाही कळायचं. वेन्झूला लिहिलेली तुझी दोन्ही पत्रं मी इथे पडल्या पडल्या वाचली. साखळी कळली, शुद्धता कळली, उंदीरही कळले. एका पानाचं काम होतं, मार्लीन. भावावर चिडलीस तेव्हा सगळं सांगितलंस. मी मायेने विचारत होते, तेव्हा नाही.

ये. मी रुसलेली आहे, हे समजून ये.

तुझी,
आई