टोकाचं एक वर्ष

गेल्या हिवाळ्यात केलेल्या माझ्या मृत्युपत्रात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. त्यात मी "बाबांनी मारलेल्या आठ वर्षांच्या एडक्याची शिंगे" असे लिहिले होते. तो एडका सात वर्षांचा होता. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

मी, मारेन त्वेत, वय चोवीस, राहणार स्प्रूस फोर्क, अलास्का, हे नवे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नसताना, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. पहिले मृत्युपत्र केले ते लहान विमानात बसायची भीती वाटते म्हणून. हे शिंगांसाठी आहे.

१. बाबांकडून मला आलेला घराचा अर्धा हिस्सा आणि बँकेत असेल ते सर्व माझी आई लीव्ह हिला मिळावे. पावाचे आंबवण ठेवायचे मडके मुळात तिचेच आहे.

२. बाबांची बंदूक हॅल्वर काकांना. माझी लाकूड कापायची करवत बरीच वर्षे त्यांच्याकडेच आहे, तीही आता त्यांचीच समजावी, म्हणजे मागायचा प्रश्न मिटला.

३. तिकाटण्यावरची दुर्बीण गावच्या शाळेला. त्या शाळेत मी अकराव्या वर्षी पहिल्यांदा गेले. तोवर स्वयंपाकघरातले टेबल हीच माझी शाळा होती, आणि आकडे मी शिंगांवर शिकले. शिंगावर दर हिवाळ्याची एक वळी उमटते. आई माझे बोट वळीवरून वळीवर नेई आणि शेवटी म्हणे, "आणि टोकाचं एक." कोकरू असतानाचे टोक दगडांवर घासून झिजते, पहिली वळी त्याबरोबर जाते, म्हणून एक वाढवायचे. आमच्या घरात ते सगळेच वाढवतात. टोक झिजलेले आहे का, हे कोणी पाहत नाही. मीही पाहिले नव्हते.

४. आता ती शिंगे. पूर्वीच्या मृत्युपत्रात ती काकांना दिली होती. ती त्यांना मिळू नयेत. काका पाहुण्या शिकाऱ्यांना डोंगरावर नेतात, त्यावरच त्यांचे घर चालते. कायद्याने आठ किंवा त्याहून जास्त वर्षांचाच एडका मारता येतो, आणि तो आठचा आहे हे काका लांबून वळ्या मोजून सांगतात. टिन कॅप डोंगरावरचा रानमेंढ्यांचा कळप आता फार लहान उरला आहे. मोठे एडके संपले की माजाच्या दिवसांत कोवळे एडके मेंढ्यांना दमवतात, आणि पुढची कोकरे उशिरा आणि अशक्त जन्मतात. म्हणून त्या डोंगरापुरते वय मोजून मारणे बंद करावे, शिंगाने पूर्ण वेढा घेतलेलाच एडका मारावा, तोही चिठ्ठी निघाली तरच, असा नवा नियम शिकारीचे नियम ठरवणाऱ्या सभेपुढे आहे. काका तिथे सांगणार आहेत की आमच्या घरात कधीच कोवळा एडका पडला नाही.

मी शिंगे आमच्या भिंतीवरून खाली उतरवून त्यांच्यासमोर मोजली.

"सात," मी म्हणाले.

"टोकाचं एक धर, पोरी."

"काका, टोक जागेवर आहे. हात लावून बघा."

त्यांनी अंगठा फिरवला. "मग अर्धं धर."

आई हसली नाही. म्हणाली, "बाप गेला, आता त्याच्या एडक्याचं वय कमी करतेस? मोजायला मीच शिकवलंय तुला."

"म्हणून तर बरोबर मोजता येतंय, आई."

बाबांनी तो मारला तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्यांनी जाणूनबुजून काही केले असे मी मानत नाही. त्यांनीही एक धरले असणार. भिंतीवर कौतुकाने लावलेला एडका असा निघतो, तर बाकीच्यांचे काय, एवढाच माझा प्रश्न आहे. माझी मोजणी चुकली असेल, तर सभेत जाणकार बसतात, ते सांगतील. काकांच्या भिंतीवर ती परत कोणी मोजणार नाही.

सभेआधी माझे काही बरेवाईट झाल्यास आईने ती सभेत न्यावीत. हे काम तिला जड जाईल, हे मला माहीत आहे. दुसऱ्या कोणावर माझा इतका विश्वास नाही.

५. माझ्या नावाने टिन कॅपवर काही उभारू नये. मे महिन्यात मेंढ्या तिथे वितात, माणसांनी तिकडे चढू नये.

हे सर्व मी काकांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "साक्षीदार म्हणून मी करतो की सही."

"तुम्हाला बंदूक मिळतेय, काका. चालत नाही."

"बंदूक देतेस आणि धंदा काढून घेतेस. बंदूक काय भिंतीकडे धरून बसू?"

त्यांचे हे म्हणणेही इथे लिहून ठेवत आहे.

मृत्युपत्र करणार : मारेन त्वेत (सही)

आम्हा दोघींसमोर तिने सही केली. यातले आम्हाला काही मिळत नाही.
साक्षीदार : डॉरिस पेल्की, टपाल कचेरी (सही)
साक्षीदार : युनिस हार्लन, शेजारीण (सही)

स्प्रूस फोर्क, रविवार, २ मार्च २०२५

सहीनंतरची नोंद : मी जिवंत असल्यास कलम चारमधले काम आईवर पडणार नाही. शिंगे मी स्वतः सभेच्या टेबलावर, काकांच्या समोर ठेवीन : शुक्रवार, १४ मार्च २०२५.