मंडईत धनीरामला हरवणे

१८ ऑक्टोबर, शनिवार. कारधा.
मेहुणी रत्नमालाचा कोंढ्याहून फोन. तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या साडूने, कॉलेजच्या काळातला कार-रेसचा गेम त्याच्या जुनाट लॅपटॉपवर चालू केला म्हणे. आमची बायको कामिनी अर्धा तास ‘धनीरामजी किती हुशार’ करत होती. मला हेवा वगैरे काही नाही. फक्त जेवण गेलं नाही.
संकल्प: २६ला करडीला सासरी मंडई, म्हणजे गावची जत्रा. दिवाळीनंतर सगळे पाहुणे तिथेच, दोन्ही जावई हजर. माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर तोच गेम लावून धनीरामला सगळ्यांदेखत हरवणे.

१९ ऑक्टोबर.
गेम डाउनलोड. उघडेना. लॅपटॉप म्हणतो, ही फाइल इथे चालत नाही. बरोबरच आहे. वाघ गवत खात नाही.

२० ऑक्टोबर, सकाळी ११.
एक सॉफ्टवेअर टाकलं. ते नव्या मशीनला जुन्याचं सोंग घ्यायला लावतं. गेम चालू! पण गाडी अशी सुटते की बोट बटणावर पोचायच्या आत झाडावर. कामिनी म्हणते, धनीरामजींना विचारा. मेल्यावर विचारीन.

२२ ऑक्टोबर.
चौदा वेळा आदळलो. दोष कीबोर्डचा. कामिनी म्हणाली, “तुमी काहून जळून राहिले जी? त्यायले एक फोन लावा ना!” जळणारा माणूस इतका शांत असतो का? निषेध म्हणून फराळ सोडला. चकली सोडून.

२४ ऑक्टोबर.
नवा कीबोर्ड. एकवीस वेळा. मशीनच फार फास्ट, दुसरं काही नाही. स्पीड बरोबर असती तर धनीराम मागे दिसलाही नसता. हे सासऱ्यांना फोनवर सांगूनही टाकलं.

२६ ऑक्टोबर, रविवार. करडी.
अंगणात सासरे, सासूबाई, वीस-पंचवीस पाहुणे. गेम लावला. गाडी झाडावर. सासऱ्यांना म्हणालो, बघा, मशीनची स्पीड! धनीराम उठून आला, दोन बटणं चार-पाचदा दाबून स्पीड उतरवली. गाडी शहाण्यासारखी चालायला लागली.
मग मी खेळलो. पहिल्याच वळणावर झाड.
कोणी हसायच्या आत धनीराम मोठ्याने म्हणाला, “भाऊजी, स्पीड अजून बराबर बसली नाही. माहीच चूक.” सासूबाईंनी मला लाडू दिला.
स्पीड बरोबर होती. त्याला माहीत आहे, मलाही. माणूस हुशार आहे, हे मी कसंबसं सोसलं असतं. चांगलाही आहे.