थांबोबाचं स्थलांतर

मोरिवली, अंबरनाथ
मंगळवार, सकाळी

तीर्थरूप श्यामकांतमामांना श्रद्धाचा वाकून नमस्कार, आणि तुमच्या नव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू देतो का? बाबा म्हणतात, नवीन पार्ट बसवला की पहिले पाचशे किलोमीटर हळू चालवायचं, लोड घ्यायचा नाही आणि घाटात तर न्यायचाच नाही, एवढं मामाला कळव; म्हणून कळवलं. उन्मेषदादा आणि वहिनींना नमस्कार. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता आलं असतं, पण तुमचे मेसेज आधी उन्मेषदादा वाचतो आणि मग तुम्हाला सारांश सांगतो. या प्रकरणाचा सारांश होण्यासारखा नाही. शिवाय पत्र हा इतिहासाचा पुरावा असतो, असं आम्हाला तिसऱ्या वर्षाला शिकवलं आहे. तुम्ही पुण्याला उन्मेषदादाकडे असलात तरी तुमचं बदलापूरचं घर अगदी सुखरूप आहे. कुंड्यांना पाणी वेळेवर मिळतं. (गेले तीन दिवस तर दिवसातून चार वेळा मिळतं, कारण तुमच्या दारात माणसांची ये-जा वाढली आहे. ती का, ते ओघाने येईलच. काळजी करू नये.)

तुम्हाला माहीतच आहे की आमच्या अंगणात अकरा वर्षं बाबांची लॉरी उभी होती. लांब नाकाची, लाकडी बॉडीची, माझ्या जन्माच्या तीस वर्षं आधीची. बाबांनी ती त्यांच्या उस्तादाकडून घेतली, तिच्यावर आमची शाळा, घरखर्च आणि आईचं गुडघेदुखीचं तेल असं सगळं चाललं, आणि मग नव्या चपट्या तोंडाच्या गाड्यांपुढे तिला भाडं मिळेना तेव्हा त्यांनी तिला अंगणात आणून उभी केली. तेव्हापासून रोज सकाळी सातला बाबा केबिनमध्ये चढतात, स्टिअरिंगला पेपर टेकवतात आणि चहा पितात. दसऱ्याला मधूकाका (बाबांचे जुने दोस्त, आता रिक्षा चालवतात) ओळखीतून एक बॅटरी मागून आणतात, लॉरी एकदा सुरू करतात, ती खोकते, सगळं मोरिवली काळं होतं, आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत शांतता. आता धाकट्या प्रज्वलचं लग्न ठरलं. मांडव अंगणात घालायचा. प्रज्वल म्हणाला, लॉरी काढा. उल्हासनगरचे एक भंगारवाले गोपीशेठ येऊन बघून गेले आणि रविवारी गॅसकटर घेऊन येतो म्हणाले. मला वाटलं होतं बाबा भांडतील. बाबा म्हणाले, “ने. मी आता तिला किल्ली लावणार नाही. शब्द दिला.” आणि किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. मामा, त्या दिवसापासून बाबा एक भाकरी कमी खायला लागले. मधूकाकांनी हॉर्न वाजवला तरी बाहेर जाईनात. मी प्रज्वलला नीट समजावलं, की या लॉऱ्या म्हणजे आपल्या भागाचा फिरता इतिहास आहे, कारखान्यांची पिंपं, बदलापूरच्या विटा, उल्हासनगरचं फर्निचर हे सगळं यांनीच वाहिलं, तेव्हा आपण अंगणात छोटं संग्रहालय करू. तो म्हणाला, “ताई, तू बी.ए. झालीस ते ठीक आहे, पण वरात तुझ्या संग्रहालयातून काढू का?”

इथे थोडं विषयांतर करते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी गेल्या वर्षी सहा निवृत्त ड्रायव्हरांच्या मुलाखती घेतल्या (वहीत उतरवून ठेवल्या आहेत, दोनशे पानं). सहा जणांची सहा विषयांवर बारा मतं होती. माळशेज घाटात वाघ कुणी पाहिला, यावर दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं आहे. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी सारखी सांगितली: गाडी नेहमी उतारावर उभी करायची. जुन्या गाडीचा स्टार्टर कधी रुसेल याचा नेम नसे. उतार असला की चाकाखालचा दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, की इंजिन सुरू. किल्ली नको, बॅटरी नको, कुणाचे उपकार नकोत. हे लोक ढाबा निवडायचे तो जेवणावरून नाही, उतारावरून. नारायणगावच्या अलीकडे एक ढाबा होता, तिथली आमटी मधूकाकांच्या शब्दांत “धुण्याच्या पाण्यासारखी”, पण समोर उतार असा, की वीस वर्षं सगळे तीच आमटी प्यायले. बाबांनी घराची जागाही उतार बघूनच घेतली. माझी पदवीपर्यंतची सगळी पेनं टेबलावरून दाराकडेच घरंगळत गेली आहेत. आणि आईला बघायला बाबा बदलापूरला लॉरी घेऊन आले होते, ती तुमच्या दारातल्या उतारावर उभी केली होती, हे तुम्हाला आठवत असेलच. कांदेपोहे झाल्यावर दगड तुम्हीच काढलात आणि तरीही हलेना म्हणून मागून धक्काही तुम्हीच दिलात. बाबांनी त्या दिवशी मुलगी पसंत केली की उतार, हा खटला आमच्या घरात अजून चालू आहे.

आता दगडाबद्दल. आमच्या लॉरीच्या पुढच्या चाकाखाली अकरा वर्षांपूर्वी बाबांनी एक काळा दगड लावला. पहिल्या दसऱ्याला चाकाला कुंकू लावताना आईने दगडालाही लावलं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या गोजरबाईंनी त्याला शेंदूर फासला, कारण त्यांची म्हैस त्याच आठवड्यात सापडली होती. चाकं हळूहळू हवा सोडून बसली, लॉरी वेलीखाली गेली, आणि दगडापुढे समई आली, मग दोन फरश्या आल्या, मग नाव आलं. थांबोबा. पालेगावच्या नव्या इमारतींतून लोक नवी गाडी घेऊन नारळ फोडायला यायला लागले. मी या नावावर चार पानं लिहिली. त्यात थांबोबाचा संबंध ‘स्तंभ’ या शब्दाशी आणि तिथून थेट आपल्या शिवमंदिराच्या काळाशी जोडला. माझ्या सरांनी त्यावर “धाडसी” असा शेरा दिला. (दगड चाकाखाली का आहे, हा प्रश्न सरांनीही विचारला नाही, हे मला इथे नोंदवायचं आहे.)

माझं नाव श्रद्धा असलं तरी अंधश्रद्धेचा मला मनस्वी राग आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी मी अकरा वर्षं गप्प होते. पण मी ठरवलं, की लॉरी जाणारच असेल तर सन्मानाने जाईल. शनिवारी तिला धुवायची, रविवारी सकाळी मी पाच मिनिटांचं भाषण करायचं (सतरा मिनिटांचं झालं होतं, कापत होते), मग गोपीशेठ. सन्मान म्हणून शुक्रवारी पंक्चरवाल्याला बोलावून सगळ्या चाकांत हवा भरून घेतली. लॉरी वीतभर उंच झाली, म्हातारीने पदर सावरून उठावं तशी. संध्याकाळी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, “हे बघ, काय धुवायचं ते धू. पण उद्या सकाळी सातला, बाबा चहाला वर बसतील ना, तेव्हा तरी त्या थांबोबाला हात लावू नकोस. कोप होतो.” अंधश्रद्धेला वेळापत्रकही असतं, हे मला नवीन होतं. मी रात्रभर विचार केला. शिकलेल्या मुलीने भ्यायचं ते कशाला?

शनिवारी सात वाजता बाबा वर बसले. मी समई बाजूला केली, फरश्या बाजूला केल्या, गोजरबाईंना म्हटलं, “आजी, हा दगड आहे. बघा, काहीही होत नाही.” आणि दोन्ही हातांनी दगड ओढला.

मामा, झालं.

आधी नुसता ‘कर्र’ असा आवाज आला. मग वेल तुटली. मग लॉरी, जी अकरा वर्षं जागची हलली नव्हती, ती माझ्यासमोरून अगदी सावकाश निघाली, बाबांसकट, पेपरसकट, चहासकट. गोजरबाई ओरडल्या, “कोपला गो माय, कोपला!” फाटक उघडं होतं. (रोज आई ते सव्वासातला उघडते, त्या दिवशी कसं कोण जाणे लवकर उघडलं होतं.) मी दगड छातीशी धरून मागे धावले. हेच ते शास्त्र, मधूकाकांनी मुलाखतीत सांगितलेलं: गाडी सुटली की दगड घेऊन धावायचं आणि चाकाखाली टाकायचा. पण मुलाखतीत हे सांगितलं नव्हतं, की त्या दगडाचं वजन सहा किलो असतं आणि त्याचा शेंदूर ड्रेसला लागतो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी लॉरीने एक मोठा हिसका दिला, काळा धूर सोडला आणि इंजिन सुरू झालं. खिडकीतून चहाचा कप बाहेर आला आणि पाठोपाठ बाबांचा हात. तो हात थांबा म्हणत नव्हता मामा. तो वळण दाखवत होता.

मधूकाकांची रिक्षा योगायोगाने कोपऱ्यावरच होती. मी दगडासकट आत बसले, गोजरबाई न विचारता बसल्या. मी म्हटलं, “काका, बाबांना ओरडून सांगा, थांबवा म्हणावं!” काका म्हणाले, “येडी काय? थांबवली तर परत चालू कशी करणार? बॅटरी कुठाय? उभी करायला उतार पाहिजे, पोरी.” आणि मोरिवलीपासून पुढे बाबांच्या विश्वासातला उतार नाही. एका पुलाचा आहे, पण काकांच्या मते तो “नवीन उतार, भरवसा नाय”. चौकात पोलिसाने हात केला. बाबांनी केबिनमधून दोन्ही हात जोडले आणि लॉरी तशीच पुढे गेली. पोलीस शिट्टी तोंडात घालतो तोच त्याला मागच्या रिक्षात मी दिसले, मांडीवर शेंदूर फासलेला देव आणि शेजारी घुमत असलेल्या गोजरबाई. त्याने मिरवणूक समजून बाकीची वाहनं थांबवली आणि आम्हाला वाट करून दिली. मी अंधश्रद्धेचा फायदा घेतला. मला त्याची लाज वाटते. पण उतरून समजावायला वेळ नव्हता.

कुठे गेलो असू, ते तुम्ही ओळखलं असेल. बाबांना पूर्ण भरवशाचा असा एकच उतार माहीत आहे, एकोणीसशे पंच्याण्णवपासून. बाबांनी लॉरी तुमच्या दारात तोंड खाली करून उभी केली आणि वरून ओरडले, “दगड!” मी दगड लावला. निव्वळ घर्षणासाठी. कुंकू गोजरबाईंनी लावलं.

तासाभराने प्रज्वल मोटरसायकलवर आला, लाल होऊन. “बाबा, शब्द दिला होता तुम्ही!” बाबा म्हणाले, “किल्ली खिळ्यालाच आहे. बघून ये.” प्रज्वलने चाकाला लाथ मारली. मग हळूच विचारलं, “पहिल्या गिअरवर नाही का होत?” त्यावर बाबा चाळीस मिनिटं बोलले. गेल्या दोन वर्षांत मिळून ते त्याच्याशी एवढं बोललेले नाहीत. त्या दुपारी बाबा तुमच्या ओट्यावर चार भाकऱ्या जेवले. रविवारी गोपीशेठ मोरिवलीला आले, रिकाम्या अंगणातले तेलाचे डाग बघून म्हणाले, “साईं, ग्यारह साल से खड़ी थी, मेरेको देख के भाग गयी?” आणि जिथे थांबोबा होता तिथे एक नारळ फोडून निघून गेले. मांडवाला जागा मोकळी झाली, म्हणजे प्रज्वलचंही म्हणणं राहिलं.

माझ्या हातून बेजबाबदार कृत्य घडलं, याची मला पूर्ण जाणीव आहे. लॉरीच्या संपलेल्या कागदपत्रांबद्दल मी परिवहन कार्यालयाला सविस्तर कबुलीपत्र लिहिलं आहे. ते सध्या सापडत नाही. आई म्हणते, तांदळाच्या डब्यात बघ. गुडघा जपा. सर्वांना यथायोग्य सांगा, आणि माझ्यावर राग धरला तर निदान पुराव्यानिशी धरा.

तुमची भाची,
श्रद्धा

ता. क. : तुम्ही पुण्याहून याल तेव्हा मागच्या दाराने यावं. पुढचं फाटक उघडत नाही.

ता. क. २ : खरी विनंती अशी, की लॉरी काही दिवस (बाबांच्या भाषेत “माझ्यानंतर बघा काय ते”) तुमच्या दारात राहू द्यावी. तुमच्या गल्लीतल्या लोकांनी सोमवारपासून थांबोबाला नारळ फोडायला सुरुवात केली आहे, ती मी समजावून बंद करेन. करवंट्या तुमच्या कुंड्यांना लावल्या आहेत, छान दिसतात.

ता. क. ३ (वेगळ्या अक्षरात) : दादा, मी शीला. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते, वाचून फाडून टाक. यांनी शब्द दिला होता, ते मोडणारे नाहीत. आणि गाडी तोडली असती तर हेही फार दिवस उरले नसते. मग गाडीनेच आपणहून निघायला हवं होतं. मधूभावजींनी गुरुवारी ब्रेक बघितला, पाच लिटर डिझेल ओतलं. दगड मी काढला असता तर यांनी ओळखलं असतं. घरात एकच माणूस असं आहे, की त्याला नको म्हटलं की ते करतंच. आता तो दगड तिथेच राहायला पाहिजे. तर तू तिला तेवढं पत्र टाक, की मामाची सक्त आज्ञा आहे, दगड रोज सकाळी काढून धुवायचा. मग ती जन्मात हात लावणार नाही.