गाडी डाव्या अंगानं बसते

३ ऑगस्ट २०२५, रविवार

झुकली! बारा दिवस राजदीपच्या गॅरेजात मरमर मेलो, काल संध्याकाळी गाडी घरी आणून कडुनिंबाखाली उभी केली, अन् सकाऊन पाहतो तं डाव्या अंगानं बसलेली. खाली २०१९ च्या मॉडेलची चेसी, स्प्रिंगचे नवे पाटे, नवे शॉकअप. जुनं म्हणजे बाची केबिन अन् मागचा माल भरायचा डाला, तेवढंच. केबिनचे भोकं नव्या चेसीले जमेनात म्हणून सहा जागी ब्रॅकेट वेल्ड केले. हात पोळले. अन् तरी झुकते साली!

राजदीपले फोन लावला. "तुहे डोळेच तिरपे हायेत बे," म्हणे.

४ ऑगस्ट

राजदीप घाटंजीहून मोटरसायकलनं आला. टायर अन् मडगार्डमधली फट बोटांनी मोजली. डावीकडं चार बोटं, उजवीकडं चार बोटं. हसून राह्यला होता. मंग दहा पावलं मागं जाऊन पाह्यलं अन् त्याचं हसू गेलं.

"फट सारखी अन् गाडी तिरपी. असं काहून?"

मले विचारते! मिस्त्री तू का मी?

रोडवर नेली तं एकदम सरळ. घरी आणून जाग्यावर लावली — झुकली. राजदीप चहा न पिता गेला. तो कधीच चहा सोडत नाही.

५ ऑगस्ट

वर्षा म्हणे, "आत कोणी बसल्यावानी दिसते." मी ओरडलो तिच्यावर. बायकोले पाट्यातलं काय कळते म्हटलं! पण दिसते तशीच.

७ ऑगस्ट

याडीनं, माह्या मायनं, आज बाचे जोडे पेटीतून काढले अन् केबिनीत नेऊन ठेवले, डाव्या सीटपुढं. गाडी मी चालवू लागलो तवापासून बा तिथंच बसे.

बा घरून गेला त्याले तीन वर्षं झाले. मे महिना होता. जोडे कडुनिंबाखाली काढलेले, एकाले एक लावून. याडीनं पाहताबरोबर सांगतलं — देव घेऊन पोहरादेवीले निघाला. पायी, अनवाणी. नवसाचा माणूस जोडे घालत नाही. आदल्या दिवशी माह्यासंगं भांडला होता अन् "देवाले घेऊन जातो" असं म्हणालाही होता. कशावरून भांडलो ते आज लिहीत नाही.

पोहरादेवीले मी तीनदा गेलतो. फोटो दाखवत फिरलो. देवळात, धर्मशाळेत, एसटी स्टँडवर. कोणी पाह्यला नाही. पंच्याहत्तरीचा माणूस, कानानं कमी. कोठी जाईल?

याडी अजून रोज त्याची ताटली वाढते. तांड्यातल्या बायका म्हणतात, बसंतीबाई, आता बांगड्या उतरव. ती म्हणते, "अन् तो आला तं? त्याले काय तोंड दाखवू?" मले एवढंच कळू दे, हाय का नाही. येऊन शिव्या दे म्हणा, पण ये!

९ ऑगस्ट

सकाऊन डावा दरवाजा उघडा. खिट्टी जुनीच हाय, ढिली, पण आजवर कधी उघडली नव्हती. जोडे मधात ठेवलेले, ते सरकून दाराशी आले. उतरायले निघाल्यावानी.

याडी आमच्या बोलीत म्हणे, "तारो बा आयो." बा आला म्हणे! अन् हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा हसताना पाह्यलं तिले.

१० ऑगस्ट

कुत्रं गाडीखाली बसत नाही. जुन्या चेसीच्या वेळी दिवसभर तिथंच लोळे.

१२ ऑगस्ट

पाटे उतरवले. डावीकडचा उजवीकडं लावला, उजवीकडचा डावीकडं. दिवसभर तेच. अंग आंबून गेलं. घरी आणली — पुन्हा डावीकडंच!

राजदीपले विचारलं, "खरं सांग, ही चेसी कोणाच्या गाडीची? त्यात कोणी मेलं-बिलं तं नाही ना?"

"आईशप्पथ नाही," म्हणे. मंग म्हणे, "चेसी नवी हाय जीवन. केबिन कोणाची हाय ते पाह्य."

केबिन बाची हाय.

१५ ऑगस्ट

आज मुद्दाम उलटी लावली. तोंड रस्त्याकडं, पाठ घराकडं. पाहतोच म्हटलं.

१६ ऑगस्ट

उजवीकडं झुकली. डायव्हरच्या अंगानं. उजवा दरवाजा उघडा.

याडी म्हणे, "आज बानं स्टेअरिंग धरलं."

वर्षा पोरीले घेऊन माहेरी गेली, बोरी अरबले. थांब म्हणायची हिंमत झाली नाही. माहेर असतं तं मीही गेलो असतो.

१८ ऑगस्ट

भर दुपारी केबिनीत जाऊन बसलो. जोड्यांशी बोललो. दुसरं काय करू! म्हटलं, बा, चुकलो.

लिहूनच टाकतो. भांडण विहिरीवरून झालतं. आंगणात कडुनिंबाजवळ बाच्या बापानं खणलेली विहीर होती, दहा वर्षांपासून कोरडी. काठावर नुसतं गाजरगवत. ती बुजवून मले गाडीले जागा करायची होती. बा म्हणे, "आतल्या कोनाड्यात देव हाय. तो वर काढल्याबिगर एक पाटी माती टाकू नको. उद्या सकाळी काढतो अन् देवाले घेऊन जातो." मी म्हटलं, "तू अन् तुहा देव, जा दोघंही!" तेच आमचं शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी उठलो तं बा घरात नव्हता. बरंच वाटलं मले, खरं सांगतो. भांडायले कोणी नाही! जेसीबी मशीन लागली. याडीनं सांगतलं म्हणून मी विहिरीकडं पाठ केली अन् खांद्यावरून मागं नारळ टाकला. आमच्यात बुजणाऱ्या विहिरीत पाहत नाहीत. पाणी पाजणारी ती, तिले मरताना पाहू नये म्हणतात. तासाभरात जागा सपाट झाली.

त्याच जाग्यावर गाडी लावतो मी. म्हणूनच येऊन बसत असंल तो. राग हाय त्याले.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. आज बैलाचे खांदे शेकायचा दिवस. आमच्याकडं बैल राह्यले नाहीत, पण याडी वाटीत लोणी-हळद घेऊन गाडीखाली घुसली अन् नव्या पाट्यांले चोळत बसली.

"याडी, हे काय?"

"ओझं इथंच पडते ना? मंग खांदा हाच." हात पुसत डाव्या दाराकडं पाहून म्हणे, "उद्या पुरणाचं हाय. जेवायले यायचं, आमंत्रण समज." ते आमंत्रण मले नव्हतं.

२२ ऑगस्ट, पोळा

आज काय झालं ते नीट लिहितो.

याडीनं गाडी ओवाळायले ताट आणलं. ताटात कुंकवाचं पाणी. हार घालायले तिनं ताट चाकापुढं जमिनीवर ठेवलं. अन् पाणी सरसर वाहत एका काठाले जमा झालं. मी ताट फिरवून ठेवलं, पाणी पुन्हा त्याच बाजूनं. गाडी रोडवर काढली. शेजारून गवंड्याची लेव्हल पाहायची पाण्याची नळी आणली अन् जागा मापली. कडुनिंबाकडून दोन पावलांवर जमीन वीतभर खाली!

गाडी सरळच होती! चेसी सरळ, पाटे सरळ. जमीन बसली, भरावाची माती बसली! तोंड इकडं केलं तं डावं चाक खड्ड्यात, तिकडं केलं तं उजवं. एवढं साधं अन् मी वीस दिवस भुताशी भांडत बसलो. गाडी पाहणाऱ्याले जमीन दिसत नाही, दुसरं काय!

राजदीपले फोन केला. दोघंही पोट धरून हसलो. उद्या मुरूम घेऊन येतो म्हणे. वर्षालेही सांगतलं, ये म्हटलं आता.

याडी नाही हसली. पुरणाची ताटली हातात तशीच. म्हणे, "मंग तो आलाच नव्हता का?"

मी घरात गेलो.

२३ ऑगस्ट

दुपारी जोराचा पाऊस झाला. थांबल्यावर पाहतो तं चाकाच्या जाग्यावर भोक पडलेलं. कढईएवढं. राजदीप मुरूम घेऊन आलाच होता. म्हटलं थांब, आधी काठ पाडून घेऊ, नाहीतं पुन्हा बसंल. लोखंडी सबलीनं पाडले. माती खाली गेली, पण कोठी जाऊन पडली ते ऐकू आलं नाही.

मंग ऊन पडलं. वर्षाचा आरसा आणून उजेड आत टाकला. अन् या वेळी मी पाह्यलं.

विहिरीची दगडी भिंत. दोन पायऱ्या. पायऱ्यांच्या बाजूनं कोनाडा. त्यात शेंदूर.

देव तिथंच हाय. जिथला तिथं.

राजदीप म्हणे, "टाकू का मुरूम?" मी त्याचा हात धरला.

२४ ऑगस्ट

पोलीस येऊन राह्यलेत. मजूर खणायले लागले.

याडी भोकाजवळ बसून हाय, जोडे मांडीवर घेऊन. कोणाकडं पाहत नाही. मघा एवढंच बोलली — "विहिरीत देवाजवळ उतरतानाबी तो जोडे काढूनच उतरे. माह्या ध्यानातच नाही आलं."

मशीन दुपारी येणार होती. बाले मीच सांगतलं होतं, दुपारी म्हणून. ती सकाळी सातलाच आली. अन् मी पाठ करून उभा होतो.