खार आणि क्षार

सर, आपल्या मराठवाड्यात बीपीचं माणूस नसलेलं घर शोधावं लागेल, आणि या सगळ्यांची तक्रार एकच आहे: आम्हाला समजेल असं कुणी सांगत नाही. गोळी हातावर ठेवतात, चिठ्ठीवर न लागणारं अक्षर काढतात आणि पुढच्याला हाक मारतात. ही तक्रार मी आयुष्यभर व्यासपीठांवरून मांडत आलो आणि आजही तिचा एक शब्द मागे घेणार नाही. तुम्हाला जाऊन मात्र इतकी वर्षं झाली, तरी त्या तक्रारीतला माझा वाटा मी तुम्हाला सांगितलेला नाही.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. जळकोटकडच्या आमच्या गावात नवी बोर पडली, पाणी लागलं, पण खारं. त्याच दिवसांत नांदेडच्या कॉलेजात तुम्ही मला प्रयोगशाळेतल्या तुमच्या कामाला घेतलंत. ओढ्याकाठी तग धरून राहिलेली घेटुळी, जिला पुस्तकं पुनर्नवा म्हणतात, आणि शेवग्याचा पाला मी पिशवीत भरून आणायचो. तो सावलीत वाळवायचा, मुशीत घालून पांढरी राख होईपर्यंत जाळायचा. मग तुम्ही तारेचं टोक राखेच्या पाण्यात बुडवून ज्योतीत धरता. पिवळा भडका उठतो. "हा सोडियम, मिठातला. थोडा असला तरी सगळ्यांच्या पुढं नाचतो." मग निळ्या काचेचा तुकडा माझ्या डोळ्यांपुढे धरता. पिवळं विझतं आणि मागची फिकट जांभळी ज्योत दिसते. "हे पोटॅशियम. मीठ दाब चढवतं, हे उतरवायला मदत करतं. मदत, बरं का वक्ते. ज्याचं मूत्रपिंड बिघडलंय त्याला हेच घातक. झाडात काय आहे ते कळलं म्हणजे माणसाला किती द्यायचं ते कळलं, असं होत नाही." मला तुम्ही वक्तेच म्हणायचात. आणि वक्त्यानं यातलं निम्मंच ऐकलं होतं.

पुढच्या आठवड्यात गावी आमच्या वस्तीतल्या विहारासमोर मी बोलायला उभा राहिलो. महागड्या औषधांवर तुटून पडलो, आपल्या रानातल्या पाल्यात रक्तदाब उतरवणारे क्षार आहेत म्हणून गरजलो. टाळ्या पडल्या. मागून एक म्हातारा ओरडला, "आरं, मंग आमची बोर म्हंजी दवाखानाच हाय की! पी म्हनावं समद्यास्नी!" माणसं पोट धरून हसली. मीही हसलो. पुढच्या रांगेत आत्या बसली होती, मला लहानाचं मोठं केलेली. तिलाच बीपी होतं. ती हसत नव्हती, मन लावून ऐकत होती.

महिन्याभरात तिला एसटीनं नांदेडला आणावं लागलं. पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं; भाषण ऐकल्यापासून ती रोज पाल्याचा काढा पीत होती. दवाखान्यात पट्टा बांधल्यावर डॉक्टरांचा चेहरा बदलला. तुम्ही भेटायला आलात, स्टुलावर बसलात आणि विचारलंत, "बाई, काढ्यात काय काय घालता?"

"घेटुळी, शेवगा, आन् खार."

"कसला खार?"

"पापडाचा. ह्योच म्हणला न्हवं, खारानं बीपी उतरतं. मी म्हणलं, लेकाचं भाषण हाय, हात आखडता कशाला घ्यावा. चमचा भरभरून टाकला."

पापडखार. म्हणजे निव्वळ सोडियम. तिच्या पिशवीतली खाराची पुडी तुम्ही प्रयोगशाळेत नेलीत आणि तारेचं टोक ज्योतीत धरलंत. पिवळा उजेड समोरच्या भिंतीपर्यंत गेला. मी घाईघाईनं म्हणालो, "सर, मी क्षार म्हणालो होतो. लोकांनी खार ऐकलं."

तुम्ही तार पुन्हा ज्योतीत धरलीत. मग म्हणालात, "तुझं बोलणं या ज्योतीसारखं आहे. भडका मोठा, मागचं काही दिसत नाही." आणि निळी काच माझ्या तळहातावर ठेवलीत. "बोलायच्या आधी यातून बघत जा."

आत्या बरी झाली. पुढे कितीतरी वर्षं जगली आणि भेटेल त्याला सांगत राहिली, "भाच्याचं भाषण ऐका, पन काढा इचारून प्या." मी बोलणं सोडलं नाही, सोडणारही नाही. आपल्या माणसांना त्यांच्या शब्दांत विज्ञान सांगितलंच पाहिजे, यावर माझा तेव्हाइतकाच विश्वास आहे. फक्त आता तो शब्द समोरच्याच्या स्वयंपाकघरात कोणत्या डब्यावर जाऊन बसेल, हे आधी बघतो.

उद्या औशाला सभा आहे. तिथे एकच सांगणार आहे: काढा पिणाऱ्यांनो, त्यात जे जे घालता ते पुडीसकट पिशवीत भरा आणि सकाळ होताच सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर मांडा. पण ते सांगण्याआधी, तुम्हाला खोटं सांगितलेलं एक वाक्य दुरुस्त करायला हवं. हा कागद तुमच्या त्या निळ्या काचेखाली, टेबलाच्या खणात राहील. दुरुस्ती मात्र माइकवरून होईल. सर, लोकांनी चुकीचं ऐकलं नव्हतं. क्षार म्हटल्यावर समोरचे चेहरे कोरे राहिले होते, म्हणून दुसऱ्यांदा मीच खार म्हणालो. टाळ्या त्याच शब्दाला पडल्या होत्या.