दुसऱ्याला दिलेले धवले

आये, तू जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी आज तुझ्यावर इतकी चिडलेय की समोर असतीस तर दोन दिवस बोलले नसते. गेल्या शनिवारी ठाण्यात एका सभागृहात चर्चा होती. इंटरनेटवर गाणी, पुस्तकं, सिनेमे फुकट वाटले जातात, तर कायदा आणखी कडक करावा की नको, असा विषय. मी कॉलेजची लायब्ररियन, अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढणाऱ्या पोरांना दम देणारी, म्हणून मलाही बोलावलेलं. मी अर्थातच कडक कायद्याच्या बाजूने. शेजारी गाण्यांच्या एका कंपनीचे मालक बसलेले, अगदी गोड बोलणारे. "आमच्या वस्तूची चोरी कशी होते, ऐका," म्हणत त्यांनी मोबाइल माइकला लावला आणि त्यातून तू गायला लागलीस.

तूच गं! हळदीचा धवला. आपल्या गावात, बाळकुमात, तुझ्याशिवाय कुणाला हळद लागायची नाही. भटजी उशिरा आला तरी चालायचं, पण लग्नाचे धवले म्हणणारी धवलारीण आधी मांडवात बसलेली लागायची. शेवटचा शब्द नाकात ओढायची तुझी ती खोड ऐकली आणि मी मालकांना म्हटलं, ही माझी आई आहे. चौदा वर्षांत तुझा आवाज मी ऐकला नव्हता, कारण तो माझ्याकडे नाहीच.

का नाही, ते तुला चांगलं माहीत आहे. पहिल्या नोकरीत घेतलेला, आवाज भरून ठेवणारा मोबाइल घेऊन मी स्वयंपाकघरात येते. तू विळीवर बसून बोंबील साफ करतेयस. "आये, एक धवला म्हण ना, मी भरून ठेवते." तू मान वर करत नाहीस. "मांडवाबाहेर धवला म्हनायचा नाय. तो डबा उचल आधी. शिकायचा असंल तं माझे बाजूला येऊन बस." मी तरी बटण दाबते, आणि तू मासळीच्या हातानेच मोबाइल पालथा घालतेस. मी रडले, पण तुझा शब्द मोडला नाही. उलट नंतर किती वर्षं लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगत आले, आमच्या आयेने धवले कुणाच्या हाती लागू दिले नाहीत.

आणि इथे तो कंपनीचा मालक मोबाइलवर मला कराराचा कागद दाखवतोय! "बाईंनी स्वतः दिलंय, मॅडम. दोन दिवस आमच्या स्टुडिओत गायल्या. सगळे हक्क लिहून दिलेत." खाली तुझी सही. मीच तुला गिरवून गिरवून शिकवलेली, उलट्या वेलांटीची. तारीख बघून तर डोकंच फिरलं. "शीळफाट्याला मावशीकडे जातंय, तिला बरा नाय," म्हणून गेलेलीस, तेच दिवस. मावशीसाठी भाकऱ्या थापून दिलेल्या मी! स्टुडिओत मांडव घातलेला काय गं त्यांनी?

मग मी ओरडलेच. "ही गाणी आमची आहेत. आईकडून मुलीकडे येतात. कागदावर सही केली म्हणून दुसऱ्याची होत नाहीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालक शांतपणे म्हणाले, "मग म्हणा ना एखादं." आये, मी उभी राहिले. दोन ओळी म्हटल्या. तिसरी आलीच नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत आणि मी नुसती पाण्याची बाटली चाचपतेय. त्यांनी माइक आपल्याकडे ओढला आणि हळूच म्हणाले, "बाई म्हणालेल्या, आमच्या घरात हे कुणाला नको आहे."

असं म्हणालीस? त्या परक्या माणसाला? मला तोंडावर म्हणायचं होतंस, भांडायचं होतंस. मला नियम आणि त्याला गाणी, हा कुठला न्याय? बाहेर जिन्यात आमच्याच कॉलेजची एक मुलगी भेटली, झेरॉक्सवरून माझ्या शिव्या खाल्लेली. "मॅडम, त्या गाण्यांची अख्खी फाईल आमच्या ग्रुपवर फिरतेय. पाठवू?" मी मुकाट्याने नंबर दिला. आता रोज ऐकते. कायद्याने मी चोर आहे आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही.

लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मी कॉलेजात शिकायचे तेव्हा वरच्या आळीतल्या एका लग्नात तू मांडवात बसलेलीस. मला बघून बाजूची जागा हाताने झटकलीस आणि ये म्हणालीस. माझ्याबरोबर कॉलेजच्या मैत्रिणी होत्या. एकीने विचारलं, या कोण गं? मी म्हटलं, गाणाऱ्या बाई आहेत. तुझ्यापासून तीन हातांवर उभी राहून म्हटलं. तू पुढची ओळ उचललीस, त्यामुळे तुला ऐकू गेलं नसेल, असं मी आजवर धरून चाललेय.