निरोपाचा नारळ

बेडोक, सिंगापूर

तीर्थस्वरूप दादास,

शामकांतचा साष्टांग नमस्कार (डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा एक अंग कमी धरून गोड मानून घे). वहिनी तुला तळलेलं देत नाहीत असं कळलं. ऐकून बरं वाटलं.

गेल्या वर्षी निघताना तू 'येतो' न म्हणता 'जातो' म्हणालास, ते कुमुदच्या फार मनाला लागलंय. माझ्याही. भांडण कशावरून, तर तुझ्या त्या अमेरिकन 'रस्टी बॉयलर' बँडवरून! ज्यांच्यापायी कॉलेजात केस वाढवून बाबांचा मार खाल्लास, त्यांची शेवटची मैफल ऐकायला तू पुण्याहून इथे आलास, ढसाढसा रडलास, आणि मी जेवताना एवढंच म्हणालो की ही मंडळी पुन्हा येतील. (माणसाने त्यांचा इतिहास बघावा. ओहायोतल्या एका गॅरेजात सुरुवात. गायकाला काढलं, तर त्याने त्याच नावाचा दुसरा बँड काढला. दोन्ही बँड कोर्टात गेले आणि कोर्टातच गळ्यात गळे घालून रडले. ड्रमर दातांचा डॉक्टर झाला आणि कंटाळून परत आला. निरोपाचा दौरा तर गणपतीसारखा, पुढच्या वर्षी लवकर.)

तर दादा, ते आले. पुन्हा शेवटचे. आपली तन्वी त्याच कार्यक्रमाच्या कंपनीत आहे, ती मला स्टेजमागे घेऊन गेली. निरोप समारंभाला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून कुमुदने शाल आणि नारळ दिला होता. गायकाला मी शाल पांघरली (अंगात शर्ट नव्हताच, त्यामुळे शोभली) आणि वयाचा मान म्हणून गिटारवाल्याला नारळ दिला. त्याने अर्थ विचारला. इथे माझी जीभ घसरली. एखाद्याला कामावरून काढलं की आमच्यात 'नारळ दिला' म्हणतात, हे मी मोठ्या कौतुकाने सांगून बसलो. तो पांढराफटक पडला. हे कारस्थान गायकाचंच, असं त्याने ठरवलं. गायक म्हणाला, नव्हतं, पण कल्पना चांगली आहे. ड्रमरने तिथेच राजीनामा दिला. बाहेर लोक शिट्ट्या मारतायत, आत बँड माझ्या एका नारळाने संपलेला, आणि तन्वी रडवेली होऊन म्हणतेय, "बाबा, माय जॉब गॉन लाह!" (इथे प्रत्येक वाक्याला हे 'लाह' चिकटतं.)

मला तू आठवलास. उभा जन्म ज्यांच्यावर जीव टाकलास, ते तुझ्या धाकट्या भावाने मोडले, हे तुला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? घाबरून मी नारळ हिसकावला आणि लोखंडी पायरीवर आपटला. पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. ओरडून सांगितलं, दिला तर निरोप, पण फोडला की शुभारंभ! मग गिटारवाल्याने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि दुसरा गायकाला भरवला. पाचच मिनिटांत स्टेजवरून 'सुबारम वर्ल्ड टूर' जाहीर झाली. लोकांना वाटलं नवीन गाणं आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

थोरामोठ्यांना नमस्कार, वहिनींना जरा तळलेलं देण्याची विनंती.

तुझा,
शामकांत

ता. क. कुमुद म्हणते, भांडणात दादाच बरोबर होते असं लिहा. लिहिलं. (पण आले की नाही परत?)

आणखी एक ता. क. ती मंडळी इतक्यांदा 'जातो' म्हणून निर्लज्जपणे परत येतात. तू एकदाच म्हणालास. ये ना, दादा. तुझ्या खोलीत सध्या त्यांचा ड्रमर उतरलाय (माझी दाढ फुकट बघितली), पण तू तिकीट काढ, मी त्याला नारळ देतो.